मी जिवंत असल्याचे स्प्रिंट

२८ ऑगस्ट
माझ्या दिवाकरले, इथं रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यातून जानेवारीत डायरी मिळाली होती. जाड पुठ्ठ्याची, वर चिमणीचं चित्र. आतापर्यंत कोरीच. चांगला कागद वाया जाऊन राहिला, म्हणून आजपासून मी लिहीन. माझी शाळा मूर्तिजापूरले चौथीपर्यंत, पण अक्षर वळणदार आहे असं मास्तर सगळ्या वर्गादेखत म्हणले होते. वाचणारं कोणी नाही. म्हणजे खरंच लिहायले हरकत नाही.

आजची मोठी बातमी. सरकारनं मले कामावर घेतलं.

श्रावणी, म्हणजे दिवाकरची पोट्टी, माझी नात, नव्या रायपूरले सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरचं करते. कंत्राटावर. पेन्शनवाल्यांसाठी मोबाईलचं ॲप बनवून राहिले तिथं. दर नोव्हेंबरात ट्रेझरीच्या खिडकीवर जाऊन, बाबा रे मी जिवंत आहे, असं सांगावं लागते ना, ते आता घरूनच सांगायचं. फोटो निघते, दाखला मिळते. त्यांले वापरून पाहायले खरे म्हातारे पाहिजेत. श्रावणीनं माझं नाव दिलं. ह्यांच्या मागे पेन्शन मलेच येते ना. माझं पद यूजर.

रूपाली (सून) म्हणे, आई, खुश काहून होऊन राहिल्या? ॲप झालं की पोरीचं कंत्राट संपते. बंगलोरची कंपनी तिले बोलवूनच राहिली आहे.

मी म्हटलं, काम चांगलं दिसलं की सरकार माणसाले सोडत नाही. ह्यांले सोडलं काय? रोजंदारीवर लागले अन् हेडक्लर्क होऊन रिटायर झाले. रूपाली म्हणे, तो जमाना वेगळा होता. जमाना कायचा वेगळा? सरकार तेच आहे. थोडं लांब, नव्या रायपूरले गेलं आहे, बसनं जावं लागते, एवढंच.

ठराव : ॲप असं पास करून दाखवायचं की श्रावणी परमनंट झाली पाहिजे. बंगलोर गेलं उडत.

३० ऑगस्ट
श्रावणीनं कामाची रीत समजावून सांगितली. तिचं मराठी पुरत नाही, मधेच हिंदीत जाते, पण मले सगळं समजते.

आधी सरकारी काम असं होत होतं म्हणे की दोन-तीन वर्षं नुसता कागद लिहायचा, मग बनवायचं, अन् उद्घाटनाच्या दिवशी कळायचं की दार भिंतीकडे उघडते. आता एजाइल. थोडंच बनवायचं. लगेच ज्याच्यासाठी बनवलं त्याच्या हातात द्यायचं. त्याले काय अडलं ते पाहायचं. बदलायचं. पुन्हा थोडं. असे पंधरा-पंधरा दिवसांचे घास, त्याले स्प्रिंट म्हणतात.

मी म्हटलं, अगं, हे तर पुरणपोळीचं आहे. पहिली लहान लाटायची, फुटते का पाहायचं, मग पीठ सैल करायचं की घट्ट ते ठरवायचं. श्रावणी म्हणे, वाह आजी, बिलकुल यही!

म्हणजे मले येतेच. शिकायचं काही उरलं नाही.

१ सप्टेंबर, सकाळी ७
घरीही एजाइल सुरू केलं. त्यांच्याकडे रोज सकाळी उभी मीटिंग असते. बसलं की माणूस बोलत सुटते, म्हणून सगळ्यांनी उभं राहायचं. तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, काय अडलं.

दिवाकर रात्रपाळीहून आलाच होता, त्याले दारातच धरलं. काल काय केलं? ड्यूटी. आज काय करणार? झोपीन. काय अडलं? म्हणे, आई, तू अडली आहेस, बाजूले सरक.

रूपाली म्हणे, मी पहाटपासून उभीच आहे, माझी मीटिंग चालूच असते.

माझे गुडघे दुखतात म्हणून मी खुर्चीवर बसून घेतली. पोह्यांवरून मूर्तिजापूरच्या आत्याची आठवण निघाली, ती सांगितली. दूध उतू गेलं. श्रावणी म्हणे, आजी, ये पंद्रह मिनिट की होती है. नवीन लोकांले वेळ लागतेच.

२ सप्टेंबर
फ्रिजवर तीन खाने आखले. करायचं, चालू आहे, झालं. श्रावणीच्या ऑफिसातल्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या आणल्या. 'करायचं'मध्ये : माळा आवरणे, दिवाकरचं पोट कमी करणे, आंब्याच्या लोणच्याची बरणी पाहणे. 'झालं'चा खाना रिकामा बरा दिसत नव्हता म्हणून 'दूध तापवलं' लिहून लावलं. उत्साह येते.

४ सप्टेंबर
श्रावणी मले विचारे, पेन्शनवाली म्हणून तुले काय पाहिजे, अन् काहून पाहिजे? असं एका वाक्यात लिहून घेतात ते. मी म्हटलं, लिही. पेन्शनवाली म्हणून मले नोव्हेंबरात ट्रेझरीत जायचं आहे, काहून की बीरगांवची सरोजिनी तिथं येते, आम्ही बाहेरच्या ठेल्यावर कचोरी खातो, अन् कोण गेलं कोण राहिलं ते कळते.

तिनं लिहिलं. मग पेन तोंडात धरून बसली. मग खोडलं. म्हणे, ये ॲप में नहीं आएगा.

नको येऊ दे. पोट्टी इथं राहिली तर कचोरी घरी करीन.

१० सप्टेंबर
पहिला डेमो आमच्याच घरी. म्हणजे जेवढं बनलं तेवढं आम्ही वापरायचं अन् त्यांनी पाहायचं. श्रावणीचे मोठे भार्गव सर आले, सोबत दोन पोट्टे. गणपती बसलेले, घर आवरलेलंच होतं.

मी तयारीत कमी ठेवली नाही. मुलगी पाहायले येतात तेव्हा घर कसं ठेवतो, तसंच. चांगल्या चादरी, पोहे, वर तर्री, कपबश्या कपाटातल्या. पाऱ्यातल्या (मोहल्ल्याले इथं पारा म्हणतात) भिशीच्या बायका बोलावल्या. अंजनाबाई शेजारची, अन् सरोजिनीले ऑटोनं आणवलं. त्या सगळ्या पेन्शनवाल्याच. सगळ्यांले आधीच बजावलं, पोट्टीच्या हातचं आहे, कोणी काही उणं काढायचं नाही. पाहायले आलेल्यांपुढं कोणी सांगते काय की मुलीले चष्मा आहे? सरोजिनी म्हणे, हव. अंजनाबाईनं नाक मुरडलं. ती जरा तिरपीच आहे.

सरांनी मोबाईल दिला. अंजनाबाई डोळे बारीक करून म्हणे, मले तर अक्षरच दिसून नाही रा... मी तिच्या पुढ्यात दुसरी प्लेट ठेवली. वर तर्री जास्त. मग म्हणे, बरं आहे.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, चष्मा आत राहिला, आणते. मोबाईलही सोबत नेला. आत रूपालीनं दोन मिनिटांत करून दिलं. बाहेर आणून दाखवलं. झालं.

सर तीनदा म्हणे, आई, कुछ तो दिक्कत हुई होगी? काहीच नाही, म्हटलं. एवढं विचारते म्हणजे माणूस नम्र आहे. जाताना मात्र चेहरा पडलेला होता. तर्री लागली असेल.

२४ सप्टेंबर
स्प्रिंट संपला की ते एक हिशेबाची बैठक घेतात, काय चांगलं झालं, काय वाईट, पुढं काय बदलायचं. श्रावणी म्हणे, आजी, तुझ्या ग्रुपचा 'वाईट'चा खाना रिकामा आहे. सच बता ना. चुका सांगितल्या तरच सुधरते.

मी म्हटलं, तुझ्या हातचं आजवर वाईट झालं काय? पहिलीत असताना माती कालवून लाडू केले होते, तेही ह्यांनी खाल्ले होते.

ती हसली नाही. थकली असेल. नव्या रायपूरचा रस्ता लांब आहे.

२७ सप्टेंबर
'मोठी अक्षरं' अशी एक चिठ्ठी त्यांच्या भिंतीवर होती म्हणे. कोणी मागितलीच नाही म्हणून काढून टाकली. 'मदतीले माणूस' हीसुद्धा काढली. माझ्यामुळे सरकारचं केवढं काम वाचलं.

३ ऑक्टोबर
आज एकटीनं करून पाहावं म्हटलं. घरी कोणी नव्हतं.

मोबाईल म्हणे, पलक झपकाइए. झपकवली. म्हणे, चेहरा दिखाइए. अरे, पापणी काय चेहऱ्याबाहेर असते? दाखवला. म्हणे, रोशनी में आइए. अंगणात गेली. तिथं उन्हात काही दिसेना. कुठं तरी बोट लागलं अन् फोटो निघाला. तुळशीचा. तुळस जिवंत आहे एवढं सिद्ध झालं.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या साहू भैयाकडे गेली. त्यानं माझं डोकं एका हातानं धरलं, मोबाईल दुसऱ्या हातानं, अन् म्हणे, दाई (म्हणजे आई), अब मिचका. झालं.

श्रावणीले सांगितलं, झालं. हे खोटं नाही. झालंच होतं.

७ ऑक्टोबर
फ्रिजवर 'रोजची उभी मीटिंग' अशी चिठ्ठी 'चालू आहे'मध्ये होती. आज पाहते तर 'झालं'मध्ये. रूपालीचं अक्षर नाही, पण हात रूपालीचाच.

दिवाकरचं पोट अजून 'करायचं'मध्येच आहे.

२१ ऑक्टोबर
भार्गव सरांचा फोन. सगळ्या रायपुरात एकही तक्रार नसलेला एकच पारा निघाला, आमचा तात्यापारा. म्हणून ॲप सगळ्यात आधी इथंच सुरू होईल, ११ नोव्हेंबरले. पाऱ्यातल्या पेन्शनवाल्यांनी यंदा खिडकीवर जायचं नाही. ऑफिसातल्या मोठ्या मॅडम स्वतः येणार. अन् मंचावर पहिली मी.

सबंध राजधानीत पहिली. रूपालीले म्हटलं, आता पाह्य, परमनंटचा कागद मॅडम पर्समध्येच घेऊन येतील. रूपाली म्हणे, आई, तुम्ही एकदा तरी हातानं करून पाहा. मी म्हटलं, मोठे साहेब लोक स्वतः टायपिंग करतात काय?

२ नोव्हेंबर
दिवाळीचा पाडवा. चकल्या सोडत असताना श्रावणीले बंगलोरहून फोन. ती म्हणे, अभी नहीं, पहले ये निपट जाए. मी मुद्दाम झारा कढईवर जोरात आपटला. तिकडल्यांले ऐकू गेलं पाहिजे की पोट्टी भरल्या घरात आहे.

११ नोव्हेंबर
नेटवर्क नव्हतं.

म्हणजे सगळे म्हणतात होतं. पण मी मंचावर होती, मले जास्त माहीत.

हॉलमध्ये पाऱ्यातल्या सगळ्या पेन्शनवाल्या अन् पेन्शनवाले. मॅडम पहिल्या रांगेत. रूपालीले बाहेर बसवलं, साहू भैयाले आतच येऊ दिलं नाही. मले खुर्ची दिली, मोबाईल दिला, अन् माझा मोबाईल मागच्या पडद्यावर मोठा दिसून राहिला. मोबाईल म्हणे, पलक झपकाइए. झपकवली. पुनः प्रयास करें. पुन्हा झपकवली. पुनः प्रयास करें. मग माझ्या पापण्या थांबेचनात. मॅडम म्हणे, माताजी को पानी दीजिए.

तेवढ्यात खाली सरोजिनीचा मोबाईल बोलला (आमच्या ग्रुपातली म्हणून तीही आली होती). तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावला होता. मोबाईल म्हणे, जीवित व्यक्ति नहीं मिला. सरोजिनी घाबरून स्वतःचीच नाडी पाहू लागली.

अन् अंजनाबाई उठली. सगळ्यांदेखत. म्हणे, मी तर पहिल्याच दिवशी बोलली होती की अक्षर दिसून नाही राहिलं! पण ह्या इंदूबाईनं माझ्या तोंडात पोहे कोंबले! काय बोलू मी पोह्यांतून?

हॉल हसला. श्रावणी हसली नाही. ती पडद्याकडे पाहत होती. पडद्यावर माझं नाक होतं.

१२ नोव्हेंबर
श्रावणी जेवली नाही. मॅडम म्हणे हे काम बाहेरच्या कंपनीले देऊन टाकू. असं झालं तर कंत्राट उद्याच संपते, अन् पोट्टी बंगलोरले.

संध्याकाळी तिनं मले एकच विचारलं. मराठीत विचारलं. आजी, तुमच्यातल्या कोणी एकदा तरी स्वतः केलं होतं काय?

मी म्हटलं, नेटवर्क नव्हतं गं.

ती उठून गच्चीवर गेली. चिवडा दिला तर तो तसाच परत आला.

१४ नोव्हेंबर
भार्गव सर आले. रागावतील म्हणून मी तर्रीची तयारी ठेवली होती. ते हात जोडून म्हणे, आई, आज पोहा नहीं.

रागावले नाहीत. म्हणे, एकच पारा पडला, अख्खं छत्तीसगड नाही. थोडं थोडं करायचं ते ह्याचसाठी. पडायचं तर लवकर अन् लहान पडायचं. मॅडमले त्यांनी हेच समजावलं, अन् मॅडमनं मुदत वाढवून दिली. किती? तर सरांनी मॅडमले सांगितलं, आमचं मोजमाप एकच. इंदू दादीले एकटीनं जमलं, की काम झालं. तोपर्यंत टीम राहील, त्यानंतर टीम सुटली.

एवढंच नाही. ऑफिसात भिंतीवर माझा फोटो लावला आहे, मंचावरचाच, मोठा. खाली लिहिलं आहे : जब तक इनसे न हो, तब तक काम पूरा नहीं.

ह्यांनी आयुष्य घातलं ऑफिसात, त्यांचा फोटो निरोप समारंभाले एकदा निघाला, त्यातही मान कापलेली. अन् माझ्यावाचून राजधानीत आता काही पुढं सरकत नाही. फ्रेमसाठी एक कॉपी मागितली.

दुपारी ४
आता लक्षात आलं. मले जमलं की काम संपते. काम संपलं की कंत्राट संपते. म्हणजे मले जमेपर्यंत श्रावणी रायपुरात.

ठराव : घाई करायची नाही.

१८ नोव्हेंबर
पहिली बैठक. मी, मोबाईल, अन् समोर श्रावणी. तिनं बोलायचं नाही, फक्त पाहायचं अन् चिठ्ठ्या लिहायच्या. रूपालीले स्वयंपाकघरात बंद केलं.

जमू द्यायचं नाही असं ठरवून बसली होती, पण काही करावंच लागलं नाही. सरळ मनानं करत गेली अन् काहीच जमलं नाही. अक्षर दिसेना. बटण कुठलं अन् जाहिरात कुठली कळेना. 'आगे बढ़ें' लिहिलं होतं म्हणून मी खुर्ची पुढं घेतली. ह्याचीही चिठ्ठी झाली.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा संपला. श्रावणी पोट धरून हसून राहिली होती. किती दिवसांनी हसली. म्हणे, आजी, यही तो मैं तीन महीने से मांग रही थी! जेवलीही दोन पोळ्या जास्त.

माझ्यात काहीतरी आहे हे मास्तरांनी ओळखलंच होतं.

२९ नोव्हेंबर
अक्षर आता एवढं मोठं केलं की अंजनाबाईले रस्त्याच्या पलीकडून दिसते. तिचा दाखला निघाला. पाऱ्याभर सांगत सुटली, मले जमलं, इंदूले नाही. मी हसून घेतलं. तिच्या घरात आहे कोण, जायचं म्हणणारं?

मेडिकलमध्ये एक बाई बसवली आहे मदतीले, साहू भैयाची बायकोच. सरोजिनीचंही झालं. पण मोजमाप मी आहे.

६ डिसेंबर
काम जड होऊन राहिलं. पापणीचं काढूनच टाकलं त्यांनी. आता नुसतं पाहायचं. मी छताकडे पाहिलं. श्रावणीनं लिहून घेतलं. पुढच्या वेळी छताकडे पाहिलं तर मोबाईल म्हणे, थोड़ा नीचे देखिए. मी मान वाकडी केली. म्हटलं, लचक भरली. चार दिवसांनी वाकड्या मानेनंही चालेल असं केलं.

ह्या पोरांले काही सांगायची सोय राहिली नाही. लगेच ऐकतात.

१३ डिसेंबर
पुढचा आराखडा तयार. मानेचं संपलं, संक्रांतीपर्यंत कंबरेची लचक. मग माझा मोतीबिंदू काढायचा आहेच, त्यात होळी येईल. मग उन्हाळा, उन्हाळ्यात रायपुरात कोणाचं डोकं चालते? तोपर्यंत इथलंच एखादं स्थळ पाहायचं. भार्गव सरांचं गोत्र विचारून ठेवलं पाहिजे.

२० डिसेंबर
आज बैठक नव्हती. श्रावणी रजेवर, केस धुऊन अंगणात बसली होती. माझा मोबाईल डब्याले टेकवून ओट्यावर ठेवला होता, तिनंच नवीन काही घातलं होतं त्यात. मी मेथी निवडत होती. पडद्यावर कोणी म्हातारी दिसली, तोंडाले पीठ लागलेलं. कोण आहे म्हणून वाकून पाहिलं.

हिरवी खूण आली.

मी कुठं बोटही लावलं नव्हतं. मेथी हातातच होती. वाटलं, खूण पुसून टाकावी. पुसायचं बटण शोधलं. तेवढं एक त्यांनी ठेवलंच नव्हतं.

श्रावणीनं दारातून पाहिलं. ओल्या केसांनी धावत आली, मेथीसकट मले मिठी मारली. आजी, तूने कर लिया! अपने आप! लहानपणी सायकल चालवायले आली तेव्हा अशीच ओरडली होती. मग सरांले फोन. तिकडे टाळ्या वाजलेल्या इथपर्यंत ऐकू आल्या. सर म्हणे, आई, आप पास हो गए. फोटो भिंतीवरून काढतो अन् फ्रेम करून तुमच्याकडे पाठवतो.

मी म्हटलं, घाई नाही.

रूपाली आली, मोबाईलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मेथीची परडी माझ्या हातातून घेतली.

श्रावणी अंगणात गेली अन् तिच्या मोबाईलवरून बंगलोरले बोलून राहिली. हो, इथलं पूर्ण झालं. हो, एक जानेवारीपासून. हसून बोलून राहिली. पोट्टी खुश आहे हे चांगलंच आहे. माझ्या हातचं ती खाल्ल्याशिवाय राहू शकत नाही, तिलेच कळेल.

माझा मोबाईल तसाच उघडा होता. बदलते का म्हणून पुन्हा पाहिलं. आता चष्माही लागत नाही, एवढं मोठं अक्षर आहे.

आप जीवित हैं. अगले नवंबर तक.